दादाचे फोटो आणि एक अवतरणचिन्ह

साताऱ्याच्या घरातले जुने अल्बम दादाने गेल्या दिवाळीत स्कॅन करायला घेतले. मी इथे न्यू जर्सीत. दर शनिवारी त्याच्याकडून फोटो येतात: माझी मुंज, गच्चीवरचे पापड, अंगणातली आजी. प्रत्येक फोटोत खरी तारीख नि गाव नोंदवायचं काम माझं. त्यासाठी मी एक्झिफटूल वापरतो. यात बटणं वगैरे नाहीत. कमांड टाइप केली की फोटोच्या पोटातली माहिती वाचता येते, बदलताही येते. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी ते लिहिलं आणि सगळ्यांना फुकट दिलं.

परवा दादाने नातेवाइकांकडून, ओळखीपाळखीतून आलेलेही फोटो पाठवले. ‘कुणाकुणाचे रे?’ विचारलं तर म्हणाला, ‘अरे, फोटोच तर आहेत. त्यांनी काय होतंय?’

मग त्याला २०२१ ची गोष्ट सांगितली. त्या एप्रिलमध्ये याच टूलमधलं भगदाड बुजवावं लागलं. स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी डेजाव्हू नावाचा फाइलप्रकार असतो. त्यातल्या टिपा वाचताना अवतरणचिन्हातला मजकूर नेमका कुठे संपतो, हे तपासण्यात चूक होती. कुणी मुद्दाम तशी टीप लिहिली, तर उरलेली अक्षरं संगणक आज्ञा समजून पाळायचा. पूर्वी गावात पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा. पत्रात ‘कपाट उघड’ लिहिलंय म्हणून त्याने आपलंच कपाट उघडावं, तसलाच प्रकार! शिवाय हे टूल फाइलच्या नावावर न जाता आत काय आहे ते पाहतं. त्यामुळे नाव जेपीजी आणि पोटात डेजाव्हू, हे सोंग सहज खपायचं.

गिटलॅबवर चढवलेल्या फोटोंमधली खासगी माहिती पुसायला हेच टूल होतं. तिथली वाट विल्यम बाउलिंग या संशोधकाने दाखवून दिली आणि २० हजार डॉलर बक्षीस मिळवलं. दुरुस्ती लगेच आली. पण ज्यांनी आपले सर्व्हर अपडेट केले नाहीत, त्यांच्यावर त्याच वर्षी हल्ले झाले.

दादा ऐकत होता. म्हणाला, ‘तुझ्याकडे कुठलं आहे?’

पाहिलं, तर २०१९ साली टाकलेलं! त्यानंतर हातच लावला नव्हता, आणि घरचे सगळे फोटो त्याच लॅपटॉपवर. त्या रात्रीच अपडेट केलं. ७.४४ ते १२.२३ या आवृत्त्यांत ही चूक आहे. तुम्ही वापरत असाल तर आपला आकडा बघून घ्या, १२.२४ किंवा त्यापुढचा हवा.

या शनिवारी आजीचा राणीच्या बागेतला फोटो आलाय. साल कुणालाच आठवत नाही. आता आत्याला फोन लावतो.