सरहद्दीपलीकडचें श्वासयंत्र

औरंगाबादकरांना सरहद्दीपलीकडून वस्तु आणण्याचा व्यवहार नवा नाहीं. आजचें छत्रपति संभाजीनगर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि आगगाडीनें थोड्या तासांच्या अंतरावर असलेलें मनमाड इंग्रजी मुलुखांत. मुंबईचा माल तिकडून आला कीं त्यावर करोडगिरी खात्याची जकात पडे. १८०२ सालच्या व्यापारी तहांत तिचा दर शेंकडा ५ ठरला होता. नाणेंहि निराळें, शंभर कलदार रुपयांना सुमारें एकशें सोळा हाली रुपये मोजावे लागत. त्यामुळें मुंबईंत अमुक वस्तु स्वस्त मिळते असें कोणीं सांगितलें, तरी घरांत येईपर्यंत ती केवढ्याला पडेल, हा प्रश्न सुटत नसे.

तोच प्रश्न या शहरांतील कांहीं घरांत आज एका लहानशा यंत्राविषयीं विचारला जात आहे. झोपेंत ज्यांचा श्वास अडतो त्यांना मास्कवाटे हवा पुरविणारें हें यंत्र. डॉक्टर त्याला 'सीपॅप' म्हणतात. वडील संभाजीनगरास आणि मुलगा न्यू जर्सीस किंवा दुबईस, अशीं घरें येथें आतां थोडीं नाहींत. डॉक्टरांनीं यंत्र घ्यावयास सांगितलें कीं त्याच रात्रीं दूरध्वनि जातो, मुलगा तिकडची किंमत सांगतो, आणि दिवाळीला येतांना घेऊन येण्याचें ठरतें. बेत सरळ दिसतो. त्यांत कोठें काय अडतें हें समजण्यासाठीं आधीं विकार आणि त्यावरील यंत्र यांची थोडी ओळख हवी.

झोपेंत घशाचे स्नायु सैल पडतात. हें सर्वांचेंच होतें. परंतु ज्यांचा घसा मुळांत अरुंद, मान जाड व आखूड, किंवा अंगांत मेद अधिक, त्यांच्या घशाची वाट त्या सैलपणानें पार मिटूं शकते. छाती वरखालीं होत असते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, मेंदु क्षणभर दचकून जागा होतो, मोठ्या घरघराटासरशीं घसा उघडतो आणि श्वास पुन्हां सुरू होतो. झोपलेल्याला याची वार्ताहि नसते. शेजारीं निजलेल्या पत्नीला मात्र घोरण्यापेक्षां मधली शांतताच अधिक जागवते. श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ अडला, म्हणजे वैद्यकांत ती एक खेप धरतात. पूर्ण अडलेला आणि अर्धवट अडलेला असे दोन्ही प्रकार मोजून तासाला ५ ते १५ खेपा झाल्या तर विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढें तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांस एक. सात तासांच्या झोपेंत दोनशेंहून अधिक वेळां शरीराला श्वासासाठीं झगडावें लागतें.

मोठ्यानें घोरणें म्हणजे गाढ झोप, ही समजूत सुशिक्षित घरांतूनहि अद्याप गेलेली नाहीं. असा मनुष्य आठ तास पडून उठतो तो थकलेलाच. सकाळीं डोकें जड, दुपारीं वर्तमानपत्र हातांत असतांनाच डुलकी, रक्तदाब औषधानेंहि आटोक्यांत न येणारा. अहिल्यानगरमार्गें पुण्याला स्वतः मोटार हांकीत जाणाऱ्या गृहस्थाला सुकाणूवर येणारी डुलकी ही तर त्याच्या एकट्याच्या जिवाची बाब राहत नाहीं.

या विकाराच्या तीव्र अवस्थेवर १९८० पूर्वीं खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तेथून श्वासाची वाट करणें, हाच होता. त्या वर्षीं सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनीं निराळी युक्ति योजिली. मिटणाऱ्या घशांत नाकावाटे किंचित् दाबाची हवा सतत सोडली, तर ती हवाच आंतून टेकू देईल आणि घसा उघडा राहील, अशी त्यांची कल्पना होती. धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राचा पंखा उलटा चालवावा अशी ती ओबडधोबड जोडणी. पांच रोग्यांवरील त्यांचा अनुभव १९८१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आजचें यंत्र उशाशीं मावेल एवढें आणि जवळजवळ निःशब्द असलें, तरी तत्त्व तेंच आहे. तें प्राणवायु देत नाहीं. खोलींतलीच हवा गाळून, मोजक्या दाबानें देतें. हा दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर स्तंभाइतका असतो.

प्राणवायु देणारें यंत्र आणि हें यंत्र यांची गल्लत पुष्कळ होते, आणि त्याला २०२१ चा उन्हाळा कांहीं अंशीं कारण आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत परदेशस्थ आप्तांनीं प्राणवायुयंत्रें पाठविण्याची धडपड केली. टपालानें किंवा कुरिअरनें बिनजकात भेट म्हणून वस्तु मागविण्यास डिसेंबर २०१९ पासून बंदी होती; जीवरक्षक औषधें आणि राख्या एवढाच अपवाद होता. (राख्यांचें नांव औषधांच्या पंक्तीला आलेलें पाहून सरकारी कागदांतहि कधींकधीं माया असते असें वाटतें.) ३० एप्रिल २०२१ रोजीं या अपवादांत प्राणवायुयंत्रांची भर पडली, ती त्या वर्षाच्या ३१ जुलैपुरती. त्या दिवसांत पेट्या आल्या, आणि 'श्वासाचें यंत्र बाहेरून मागवितां येतें' एवढेंच लोकांच्या ध्यानांत राहिलें. तो अपवाद विशिष्ट यंत्रापुरता व विशिष्ट मुदतीपुरता होता. सीपॅपची पेटी भेट म्हणून टपालांत टाकली, तर तिच्यावर जकात द्यावीच लागते, आणि मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यानें कागद मागितले तर ते संभाजीनगरहून पुरवावे लागतात.

प्रवाशाबरोबर आलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. स्वतः रोगी असलेला प्रवासी आपलें वापरांतलें यंत्र बरोबर बाळगतो, तेव्हां तें त्याच्या अंगच्या सामानांत मोडतें. मुलानें वडिलांसाठीं आणलेलें नवें, खोक्यांतलें यंत्र मात्र आणलेल्या वस्तूंच्या हिशेबांत जातें. २०१६ च्या प्रवासी-सामान नियमांत हा हिशेब बहुतेक देशांहून परतणाऱ्या भारतीयांस ५०,००० रुपयांपर्यंत माफ होता. नेपाळ, भूतान व म्यानमार येथून येणाऱ्यांस ही सवलत पुष्कळ कमी होती. अशा मर्यादा वेळोवेळीं बदलतात, म्हणून निघण्यापूर्वीं चालू नियम पाहणें इष्ट. त्या सवलतींत मुलाबाळांसाठीं आणलेले खेळ, घड्याळें, अत्तरें हींहि बसावयाचीं असतात, हें घरोघर विसरलें जातें. मर्यादेवर गेलेल्या किमतीवर पडणारी जकात व्यापाऱ्याच्या आयात-जकातीहून बरीच जड असते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणें औषध-कायद्याच्या कक्षेंत आलीं आहेत. विक्रीसाठीं तीं आणणाऱ्यास परवाना लागतो. स्वतःच्या उपयोगासाठीं अल्प प्रमाणांत आणण्याची तरतूद वेगळी आहे. एकाच सामानांत तीन यंत्रें 'मित्रांसाठीं' आणलीं, तर अधिकाऱ्यानें त्यांस व्यापार म्हटल्यास नवल नाहीं.

एवढें करूनहि कांहीं रुपये वांचूं शकतात, हें कबूल केलें पाहिजे. अमेरिकेंत यंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतां येत नाहीं, त्यामुळें भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी तेथील दुकानदार मानील किंवा न मानील, एवढी एक अडचण. आखाती देशांत दुकानागणिक रीत निराळी. पण खरा तोटा जकातींत नाहींच. तो यंत्र घरीं पोंचल्यावर सुरू होतो.

सीपॅप ही घड्याळासारखी वस्तु नव्हे, कीं किल्ली दिली व चालूं लागली. कोणाला किती दाब लागेल हें निद्रापरीक्षेवांचून ठरत नाहीं. अंगाला तारा लावून रात्रभर मेंदु, हृदय, श्वास व प्राणवायु यांची नोंद घेणारी पूर्ण परीक्षा असते, तशी घरीं नेण्याची लहान परीक्षाहि असते. दाब कमी पडला तर घसा मिटतच राहतो. जास्त झाला तर हवा पोटांत जाते, तोंड कोरडें पडतें आणि रोगी चौथ्या दिवशीं यंत्र कपाटांत ठेवतो. कित्येकांना श्वासाचा अडथळा घशांत नसून मेंदूच्या आज्ञेंतच असतो; त्यांना निराळें यंत्र लागतें, आणि हा भेद केवळ घोरण्यावरून कळत नाहीं. स्वतःहून दाब जुळविणारीं यंत्रें निघालीं आहेत खरीं, पण त्यांनाहि खालची व वरची मर्यादा कोणीतरी जाणत्यानें घालून द्यावी लागते.

मास्कची कथा याहून घरगुती, आणि यंत्र यशस्वी होणें न होणें बहुतांशीं तिच्यावर अवलंबून असतें. नाकाची रुंदी, गालांची ठेवण, दाढी, मिशा, तोंडानें श्वास घेण्याची संवय, या सर्वांचा विचार करून मास्क बेतावा लागतो. शिंप्याकडे अंगरखा न घालून पाहतां शिवून घेणें जेवढें शहाणपणाचें, तेवढेंच दूर देशीं बसलेल्या मुलानें वडिलांच्या चेहऱ्याचा मास्क निवडणें. एका बाजूनें फट राहिली तर रात्रभर हवा डोळ्यांवर फुंकते. शहरांतला विक्रेता दोन-तीन मास्क लावून दाखवितो, आठ दिवसांनीं पट्टे पुन्हां जुळवितो. विकत घेण्यापूर्वीं कांहीं दिवस यंत्र भाड्यानें देणारेहि मिळतात, आणि तसें विचारून पाहणें केव्हांहि चांगलें. हें सर्व किमतीच्या आंकड्यांत दिसत नाहीं. परदेशांत त्याची किंमत तिकडच्या ग्राहकानेंच भरलेली असते, पण त्याचा लाभ विमानांत बसून येत नाहीं.

हमीचेंहि तसेंच. बहुतेक कंपन्या ज्या देशांत यंत्र विकलें त्याच देशांत हमी पाळतात. यंत्रांतील मोबाइल-जोडणी एका देशाच्या जाळ्यासाठीं बसविलेली असेल, तर रोजची नोंद येथील डॉक्टरांपर्यंत आपोआप जात नाहीं. आंतील कार्डावरून ती काढावी लागते. विजेची चिंता त्या मानानें लहान: अमेरिकेंत १२० व्होल्ट, येथें २३०, पण नव्या यंत्रांचे बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० पर्यंत चालतात. अडॅप्टरवरचीं अक्षरें वाचून घ्यावीं, एवढेंच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हवा अतिशय कोरडी होते आणि यंत्रांतील पाण्याची टाकी सोडून झोपणें नकोसें वाटतें. त्या टाकींत बोअरचें जड पाणी घातलें, तर तळाशीं पांढरा थर बसतो. तेथें ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. धुळीचें गाळणें वेळच्या वेळीं बदलावें लागतें, आणि येथील धूळ परदेशी पुस्तिकेंतल्या मुदती पाळीत नाहीं. तीं गाळणीं, नळ्या व मास्कच्या गाद्या त्या जातीच्या येथें मिळतात कीं नाहीं, हें यंत्र घेण्यापूर्वींच पाहिलें पाहिजे. नाहींतर दर सहा महिन्यांनीं कोणाच्या तरी सामानांतून त्या येण्याची वाट पाहावी लागते.

वापरलेल्या यंत्रांविषयीं अधिक सावधगिरी हवी. १४ जून २०२१ रोजीं फिलिप्स कंपनीनें आपलीं लाखों श्वासयंत्रें परत बोलाविण्याची घोषणा केली. आवाज कमी करण्यासाठीं त्यांत बसविलेला पॉलियुरेथेनचा फेस झिजून त्याचे कण व वायु श्वासावाटे आंत जाण्याचा धोका होता. पुढें २०२४ मध्यें अमेरिकेच्या सरकारशीं झालेल्या समझोत्यानुसार त्या कंपनीनें तेथें नवीं निद्रायंत्रें विकणें थांबविलें. परत बोलाविलेलें प्रत्येक यंत्र परत गेलेंच असेल असें नाहीं. कोणी आप्त आपलें जुनें यंत्र प्रेमानें देऊं करील, त्यावेळीं संकोच न करतां त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक मागून घ्यावा आणि कंपनीच्या यादींत ताडून पाहावा. दुसऱ्याच्या रोगासाठीं लावलेला दाबहि त्यांत तसाच असतो, हें वेगळेंच.

तरीहि परदेशांतूनच यंत्र आणावयाचें ठरलें, तर क्रम उलटा करावा. आधीं संभाजीनगरांत परीक्षा, मग श्वसनरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर यांची चिठ्ठी. तिच्यांत यंत्राचा प्रकार, दाबाच्या मर्यादा आणि मास्कचें माप नांवानिशीं लिहिलेलें असावें. मास्क येथेंच घ्यावा. यंत्र विमानांत हातांतल्या सामानांत ठेवावें, टाकी पूर्ण कोरडी करून. पुष्कळ विमान-कंपन्या असें वैद्यकीय उपकरण हातच्या सामानाच्या संख्येंत धरीत नाहींत, पण तिकीट काढतांनाच विचारलेलें बरें. बिल, चिठ्ठी आणि अनुक्रमांकाची एक प्रत मुंबईला उतरणाऱ्याच्या खिशांत असावी, दुसरी घरीं. यंत्र घरीं आल्यावर पहिल्या पंधरवड्याची नोंद काढून ती डॉक्टरांना दाखविण्याची तारीख, मुलगा परत जाण्याच्या आधींची, आगाऊ ठरवून घ्यावी.