सिकलसेल: अशक्तपणाला आळस म्हणू नका
 सुरत जिल्ह्यात हळपती, चौधरी, गामित, वसावा हे आदिवासी समाज राहतात. दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं-सांधे असह्य ठणकतात, रक्त कमी होतं. मुलांची वाढ मागे पडते, वयात येणं लांबतं, डोळे पिवळसर दिसतात. मग ‘काडीपैलवान’, ‘आळशी’ असे टोमणे सुरू होतात आणि मूल मैदानाकडे पाठ फिरवतं. यात त्याचा काहीच दोष नसतो.

अशा मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर खेळावं. पण झेपेल तेवढंच. भरपूर पाणी प्यावं, मधेमधे विश्रांती घ्यावी, भर उन्हात धावणं टाळावं. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठावा.

या आजाराचे नुसते वाहक असलेले, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले लोक सहसा ठणठणीत असतात. मात्र आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही तपासणीवर आणि समुपदेशनावरच आहे.