बार दबतो, संपत नाही

2017 साली आलेल्या ‘जॉन विक : चॅप्टर 2’मध्ये दोन मारेकरी न्यू यॉर्कच्या गजबजलेल्या स्थानकातून चालता चालता एकमेकांवर गोळ्या झाडतात. पिस्तुलांना सायलेन्सर लावलेले, हात कोटाच्या आडोशाला. भोवतालच्या गर्दीतले कुणी मान वळवूनही पाहत नाही. प्रसंग देखणा आहे. पण तिथे ऐकू येणारा ‘फुस्स’ कोणत्याही पिस्तुलाचा नाही, तो ध्वनिसंकलकाच्या टेबलावर तयार झाला आहे. खऱ्या स्थानकात पहिल्याच बाराला माणसे सैरावैरा पळाली असती.

9 मिलिमीटरच्या पिस्तुलाचा उघडा बार सुमारे 160 डेसिबलचा असतो. चांगला सायलेन्सर तो 125 ते 135 डेसिबलपर्यंत खाली आणतो. तीस डेसिबल उतरले म्हणजे आवाजातली ऊर्जा हजार पटींनी घटली. कानाला मात्र तो पूर्वीच्या साधारण आठव्या हिश्श्यापर्यंतच उतरल्यासारखा वाटतो, आणि 160 डेसिबलच्या बाराचा आठवा हिस्सासुद्धा काही कमी नव्हे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे फटाका फुटताना चार मीटरवर त्याच्या आवाजाचे शिखर 145 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. सायलेन्सर लावलेले पिस्तूल त्याच्या जरा खालच्या पायरीवर बसते. रात्री दोन वाजता जिन्यात फटाका फुटला तर शेजारचे बिऱ्हाड झोपून राहील का, याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे. .22 बोअरचे पिस्तूल 9 मिलिमीटरवाल्याहून सौम्य, सायलेन्सरने सुमारे 115 डेसिबलपर्यंत उतरणारे. सैनिकी रायफल मात्र सायलेन्सर लावूनही 135 ते 140च्या घरात राहते.

हे यंत्र बाजारात आणले हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनिअरने. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम म्हणजे मशीनगनचे जनक. आयुष्यभर तोफाबंदुकांच्या धडाक्यात राहून वडिलांचे कान गेले आणि मुलाने बंदुकीचा आवाज आवरायचा ध्यास घेतला, ही घराण्याची गोष्ट मला कुठल्याही हेरपटापेक्षा जास्त खिळवून ठेवते. 1909 साली त्याला पेटंट मिळाले. नेमबाजीच्या सरावाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये, हा त्याच्या विक्रीतला मुख्य मुद्दा. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या विंचेस्टर रायफलीवरही मॅक्झिमचा सायलेन्सर होता. तेच तत्त्व त्याने इंजिनांच्या धुराड्यांना लावले आणि पुढे त्याच्या कंपनीचा मुख्य धंदा तोच झाला.

तत्त्व समजायला सोपे आहे. चाप ओढला की काडतुसातली दारू जळून तापलेला, प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडताच तो वायू एकदम मोकळा होतो, आणि तोच बार. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडाला जोडलेला डबा. आत एकामागून एक पडदे, मधोमध गोळीपुरते भोक. वायू कप्प्याकप्प्यांत अडतो, फुगतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो. डब्यात आधीची हवा असते, तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे पहिल्या गोळीला आत थोडा जाळ होतो. म्हणून पहिला बार पुढच्यांपेक्षा मोठा येतो.

पण डबा कितीही उत्तम असला तरी त्याचा अंमल नळीच्या तोंडाशी संपतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. त्याहून वेगवान गोळी सगळ्या वाटेवर कडाडत जाते. रायफलीची गोळी नऊशे मीटरच्या आसपास धावते, तेव्हा तो कडाका कोण थांबवणार? त्यावर उपाय म्हणजे जड, मंद गोळी वापरायची. पल्ला आणि मारा दोन्ही घटतात, ती किंमत मोजायची. शिवाय स्वयंचलित बंदुकीत खटका मागेपुढे आपटतो, आणि गोळी जिथे लागते तिथला आघातही ऐकू येतो. रिव्हॉल्व्हरचा मामला आणखी वेगळा. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू निसटतो, त्यामुळे पुढे सायलेन्सर लावून जवळपास काहीच साधत नाही. पडद्यावर मात्र तोही बिनदिक्कत दिसतो. फटीच्या या अडचणीला मोठा अपवाद रशियाच्या नागां रिव्हॉल्व्हरचा. त्याचे चक्र चापाबरोबर पुढे सरकून फट बुजवते.

खरोखर दबलेले शस्त्र हवे असेल तर सगळी बंदूकच त्यासाठी घडवावी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तसंघटना एसओईने वेल्विनजवळच्या ‘द फ्राइद’ या वाड्यात वेलरॉड नावाचे पिस्तूल बनवले. दिसायला निव्वळ नळकांडे. मॅगझिन हाच त्याचा दस्ता. तो काढला की हातात पिस्तूल आहे असे वाटतही नाही. आत रबराच्या चकत्या, गोळी त्यांना भेदून जाणार आणि वायू मागे कोंडणार. प्रत्येक गोळीनंतर मागची मूठ पिळून, ओढून नवे काडतूस हाताने भरायचे, त्यामुळे खटक्याचा आवाजच नाही. पण डझनभर गोळ्यांत चकत्या फाटत आणि शांतता ओसरू लागे. डेन्मार्कच्या भूमिगतांनी ही पिस्तुले वापरली. त्याच काळातली डी लाइल कार्बाइन ली-एनफिल्ड रायफलीच्या सांगाड्यावर बेतलेली, .45ची मुळातच मंद गोळी झाडणारी. ती ब्रह्मदेशच्या आघाडीवरही गेली. अशा कार्बाइन दीडशेसुद्धा बनल्या नाहीत. 1974च्या जर्मन एमपी5एसडी या बंदुकीने वेगळी वाट काढली : नळीलाच भोके पाडून वायू आधी सोडून द्यायचा, म्हणजे साधे काडतूसही आवाजाच्या वेगाखाली राहते.

अमेरिकेने 1934च्या कायद्यात सायलेन्सर मशीनगनच्या पंक्तीला बसवला आणि त्यावर 200 डॉलर कर लावला. 1 जानेवारी 2026पासून तो शून्यावर आला, नोंदणी कायम आहे. भारतात सामान्य परवानाधारकाला सायलेन्सर बाळगता येत नाही. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये मात्र शिकारी तो सर्रास लावतात, कारण 140 डेसिबलचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो.

सैन्यालाही हे उशिराच पटले. कानात सतत गुंजारव राहणे ही अमेरिकी माजी सैनिकांची सर्वाधिक नोंदली गेलेली सेवाजन्य व्याधी आहे. 2020च्या अखेरीस तिथल्या मरीन कोअरने आपल्या पायदळाला सरसकट सायलेन्सर द्यायला सुरुवात केली. कडाका शत्रूला ऐकू येतोच, पण गोळी नेमकी कुठून सुटली ते उमगत नाही, नळीच्या तोंडचा जाळ दिसत नाही, आणि भर धुमश्चक्रीत तुकडीप्रमुखाचा हुकूम शेजारच्या जवानापर्यंत पोहोचतो.