राहिलेला धडा

मी ३२ वर्षे शाळेत शरीरशास्त्र शिकवले. हृदयाचे ४ कप्पे, शरीरातली २०६ हाडे माझ्या मुलींना तोंडपाठ असत. पण एक धडा आला की मी खडू खाली ठेवी आणि म्हणे, “हा घरी वाचा गं.” तो राहिलेला धडा शेवटी मला आष्टीला एका ओट्यावर बसून घ्यावा लागला.

बीड जिल्ह्यातले आष्टी हे माझ्या धाकट्या बहिणीचे सासर. दसऱ्याला तिच्याकडे जाण्याचा योग आला. हा मुलूख अवर्षणाचा. दसरा झाला की इकडची कितीतरी माणसे ऊसतोडीला परमुलखी निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मग दुखण्याखुपण्याने एक दिवस जरी खाडा पडला तरी पैसे कापले जातात.

बहिणीकडे धुणेभांडी करणारी बाई त्याच गडबडीत होती. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, असे सांगून ती सहज म्हणाली, “टोळी निघायच्या आत पिशवीच काढून टाकते, बाई. दोन लेकरं झाली. आता तिचं काय काम?”

वय विचारले, तर जेमतेम ३०!

माझ्या छातीत धस्स झाले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. तेव्हाच्या पाहणीत या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. तो आकडा मी वर्तमानपत्रात वाचून विसरले होते. आज तो समोर बसून चहा पीत होता.

मी रांगोळीचा डबा ओढला आणि ओट्यावरच आकृती काढली. उलटा धरलेला लहानसा पेरू, तसे हे गर्भाशय. लांबी सुमारे ३ इंच. नाव पिशवी असले तरी ते जाड स्नायूंचे बनलेले असते. म्हणून तर मूल वाढते तसे तेही वाढते आणि बाळंतपणानंतर पुन्हा आकसते. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये हे.

“आणि हे दोन्ही बाजूंचे बदाम?” तिने विचारले.

ती अंडाशये. खरी मेख तिथेच आहे. अंडाशये रक्तात जो रस सोडतात, त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. हाडांची बळकटी बरीचशी त्यावर अवलंबून. पाळी आपोआप जाते ती साधारण ४५ ते ५० च्या सुमारास. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तो बदल एकाएकी अंगावर कोसळतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात. अंडाशये राखली तरी कधीकधी ती लवकर थकतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर सुमारे ६ आठवडे जड उचलायचे नसते. उसाची मोळी कोण उचलणार?

कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, हेही मी तिला सांगितले. पण पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गाने होते आणि ते औषधांनी बरे होते.

ती बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “एवढं कुणी सांगितलंच न्हाई, बाई.”

मी मान खाली घातली. न सांगणाऱ्यांत मीही होतेच की!

दुसऱ्या दिवशी बहीण तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. जाताना मी कागदावर तीन प्रश्न लिहून दिले: आजार नेमका कोणता? औषधाने बरा होईल का? काढायचीच झाली, तर अंडाशये राहतील का?

शहरातल्या माझ्या मैत्रिणींनो, हा कागद तुमच्याही कपाटात असू द्या. आणि लेकीच्या पुस्तकातला तो धडा आला, तर तिच्याशेजारी बसून तो मोठ्याने वाचा.