शहरातला माणूस तालुक्याच्या गावी

मुंबईत लहानाचा मोठा झालेला माणूस नोकरीच्या निमित्ताने कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी आला, म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या त्याच्या तक्रारी अगदी ठरलेल्या असतात. वीज जाते. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. दुपारी एकाला दुकाने बंद होतात ती चारशिवाय उघडत नाहीत. मोबाईलला कधी गच्चीवर जाऊन रेंज शोधावी लागते. ऐकणाऱ्यालाही वाटते, की बिचाऱ्याची मोठी गैरसोय होते आहे. पण खरे सांगायचे तर या गोष्टी महिना-दीड महिन्यात अंगवळणी पडतात. बादल्या भरून ठेवायला आणि मेणबत्ती हाताशी ठेवायला कोणीही शिकतो. जी गोष्ट सहा-सहा महिने सुटत नाही, ती निराळीच असते. तिच्याविषयी तो कोणाजवळ बोलतही नाही, कारण तिला नेमके काय म्हणावे हे त्याला कळत नाही. आज त्या गोष्टीविषयी थोडे बोलायचे आहे.

मी स्वतः परळच्या एका चाळीत वाढलो आणि शिक्षक म्हणून राजापूरला आलो. राजापूर हे काही आडगाव नव्हे. सतराव्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती, आणि नगरपालिका तर जुनीच. तरीही २०११च्या जनगणनेत गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास भरली. त्याच जनगणनेत मुंबईची वस्ती होती सुमारे एक कोटी चोवीस लाख. हा नुसता आकड्यांचा फरक नाही. एक कोटी माणसांत आपण कोणाला ओळखत नाही, ही साधी गोष्ट आहे. दहा हजारांत मात्र न ओळखता राहताच येत नाही.

बर्लिनमध्ये राहणारे गिऑर्ग झिमेल या नावाचे एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. १९०३ साली त्यांनी महानगरातल्या माणसाच्या मनाविषयी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मोठ्या शहरात माणसाच्या डोळ्यांवर आणि कानांवर क्षणोक्षणी इतक्या गोष्टी येऊन आदळतात, की प्रत्येकीची दखल घेऊ म्हटले तर तो वेडा होईल. म्हणून तो स्वतःभोवती अलिप्तपणाचे एक कवच तयार करतो. लोकलच्या डब्यात शेजारच्याचे कोपर बरगडीत रुतलेले असते, पण त्याचे नाव विचारायचे आपल्या मनातही येत नाही. हा उद्धटपणा नव्हे. तिथे जगण्याची ती रीत आहे.

आता कोणी म्हणेल, अहो, चाळीत तर सगळे एकमेकांना ओळखतात! खरे आहे. आमच्या गॅलरीत कोणाच्या घरी काय शिजले आहे हे वासावरून सांगता येई. पण जिना उतरून रस्त्यावर आलो, की मी कोणाचा कोणी नव्हतो. मनाला येईल तिथे जावे, बसावे, चुकावे. त्या जिन्याखालच्या मोकळिकीची किंमत मला राजापूरला आल्यावर कळली. कारण इथे जिना उतरून जायला 'बाहेर' असे काही नव्हतेच. पहिल्याच महिन्यात मी औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली घेतली. संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारले, "गुरुजी, खोकला कसा आहे?" त्यातल्या एका आजींनी तर अडुळशाचा काढा धाडून दिला. काढा मी घेतला, पण रात्री मला झोप लागली नाही. आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे असे वाटत राहिले.

मग त्या नेहमीच्या चौकश्या. तुम्ही कुठले? मूळ गाव कोणते? घरी कोण कोण असते? लग्न झाले आहे का? पगार किती, हेदेखील विचारतात. शहरातल्या माणसाला हा भोचकपणा वाटतो. इथला माणूस मात्र या प्रश्नांनी एक फार व्यावहारिक काम करत असतो. लहान गावात पुष्कळसे व्यवहार ओळखीवर चालतात. खोली भाड्याने द्यायची, उधार माल द्यायचा, रात्री-अपरात्री गाडी काढून रुग्णालयात न्यायचे, तर हा माणूस कोण, कोणाच्या ओळखीतला, हे माहीत हवे. मुंबईत हे काम नोंदणी केलेला करारनामा, अनामत रक्कम आणि ओळखपत्र करते. गावात ते तुमच्या मामाचे गाव करते. माझ्या आईचे माहेर लांज्याकडचे, हे कळताच घरमालकांचा चेहरा एकदम खुलला. त्यांच्या मनातल्या वहीत माझ्या नावाला एक पान मिळाले.

पण इथेच एक कडू गोष्टही सांगायला हवी. या चौकशीत आडनावावरून जात काढली जाते, आणि तिच्यावरून माणसाची जागा ठरवली जाते. माझ्याबरोबर शिकलेले एक शिक्षक दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी रुजू झाले. दोन घरांत खोली रिकामी होती. आडनाव सांगितल्यावर ती एकाएकी भरली! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांची भोळी स्तुती करणाऱ्यांना फटकारले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आगर, असा त्यांचा रोख होता. शहरात कोणी कोणाला ओळखत नाही, हे अनेकांना दुःख वाटते. पुष्कळांना त्यातच पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला विचारून पाहा. तिच्या खोलीतला दिवा किती वाजता मालवला, याचा हिशेब ठेवणाऱ्या गावात तिने का रमावे? तेव्हा नव्या माणसाने गावाशी जुळवून घ्यावे हे ठीक. पण गावानेही कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता गिळावा, हे शिकायला नको काय?

व्यवहारातली एक बारीक गोष्ट सांगतो. मी वाण्याकडून सामान आणी, आणि सगळे पैसे रोख मोजून देई. सुटे नसले, तर दुकानदार म्हणत, "राहू द्या हो, उद्या द्या." मी ऐकत नसे. शेजारच्या दुकानातून नोट मोडून आणून पैसे चुकते करी. मला वाटे, मी किती चोख! पुष्कळ दिवसांनी त्यांनीच हसत हसत सांगितले, की सुरुवातीला त्यांना मी जरा तुसडा वाटलो होतो. पै न पै तिथल्या तिथे फेडणारा माणूस म्हणजे ज्याला संबंध ठेवायचा नाही असा माणूस. दोन रुपये इकडे राहिले, चार तिकडे राहिले, म्हणजे उद्या पुन्हा बोलणे होते. शहरात हिशेब मिटवणे ही सभ्यता. इथे तो थोडा उघडा ठेवण्यात आपलेपणा. आता मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून सुट्यांचा प्रश्न राहिला नाही. तरी खात्याची वही काही गेलेली नाही.

वेळेचेही तसेच. गावातले लोक संथ असतात, असे शहरवाले म्हणतात. दादरला एक लोकल चुकली, तर चार-पाच मिनिटांत दुसरी येते. आतल्या एखाद्या वाडीत जायची संध्याकाळची एस.टी. चुकली, की थेट दुसरा दिवस. ती वस्तीची गाडी असते. रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याला परतते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण राजापूर रोड स्थानक गावापासून बरेच लांब. उतरल्यावर पुढच्या वाहनाची जुळवाजुळव करावीच लागते. म्हणून इथला माणूस गाडीच्या आधी अर्धा तास स्टँडवर येऊन बसतो आणि त्या अर्ध्या तासात चार कामे बोलण्यातून उरकतो. कोणाची म्हैस व्याली, तलाठी कधी भेटतील, आंब्याला मोहर कसा आहे. पहिले काही महिने मी त्या बाकावर कानात बोंडुकले घालून बसत असे. माझी कितीतरी कामे त्यामुळे अडली असतील.

आणखी एक घोटाळा असा, की कोकणी मुंबईकराला वाटते, आपल्याला गाव माहीतच आहे. लहानपणी दर मे महिन्यात आणि गणपतीत आपण आलोच की! पण तेव्हा आपण चाकरमानी म्हणून येत होतो, म्हणजे पाहुणे. चाकरमान्यासाठी फणस राखून ठेवतात, त्याच्या चुकांकडे काणाडोळा करतात, आणि आठ दिवसांनी त्याला गाडीत बसवून देतात. बारा महिने राहणाऱ्याला ही सवलत नसते. मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी करायची, कौले चाळून घ्यायची, लाकूडफाटा कोरडा ठेवायचा, शिमग्यात पालखी दारी येईल त्या दिवशी घरी असायचे, हे सारे त्याच्याकडून अपेक्षिले जाते. मी माझ्या पहिल्या शिमग्याला सुट्टी मिळाली म्हणून मुंबईला निघून गेलो होतो. कोणी काही बोलले नाही. पण पुढे दोन महिने बोलण्यात एक कोरडेपणा जाणवला, तो कशाचा हे मला फार उशिरा कळले.

शिक्षकाने शाळेच्या गावी राहावे की जिल्ह्याच्या ठिकाणाहून ये-जा करावी, हा आपल्याकडे जुना वाद आहे. ग्रामस्थ रागावतात, शिक्षक अडचणी सांगतात. अडचणी खोट्या नसतात. मुलांचे पुढचे शिक्षण, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी, बायकोची नोकरी. पण माझ्या अनुभवाने सांगतो, पुष्कळांच्या ये-जा करण्यामागे सोयीइतकाच हा न सांगितलेला संकोचही असतो. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीत बसले, की आपण पुन्हा कोणाचे कोणी नसतो. हुकूम काढून हा संकोच जाणार नाही.

माझा गेला तो पावसाळ्यात. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या काठी राजापूर वसलेले. जोराचा पाऊस लागला, की पुराचे पाणी जवाहर चौकात शिरते. त्या वर्षी जुलैमध्ये तसेच झाले. शाळा लवकर सोडली होती. मी छत्री घेऊन पाणी बघायला गेलो, जसा मुंबईकर बघायला जातो. दुकानदार माल वर हलवत होते. माझ्या वाण्याने मला पाहिले आणि काहीही न विचारता गुळाची ढेप माझ्या हातात दिली. "माळ्यावर, गुरुजी!" मग दोन तास मी ढेपा, पोती आणि डबे वर चढवत होतो. अंगातला सदरा पिळून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी गावात मला कोणी काही विशेष म्हणाले असेही नाही. फक्त स्टँडच्या बाकावर सरकून जागा दिली.

श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, त्यांना मुलांविषयी दोन शब्द. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले तेव्हा अनेक कुटुंबे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली. लालबाग-परळमध्ये वाढलेली मुले एकाएकी गावच्या शाळेत येऊन बसली. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीतही मुंबईहून कितीतरी घरे अशीच परत आली. त्यातली काही इथेच राहिली, आणि शाळा उघडल्यावर मुलांची नावे इथल्या पटावर चढली. मोठा माणूस निदान स्वतःच्या मनाने येतो. या मुलांना कोणी विचारलेले नसते. ती वर्गात गप्प बसतात. त्यांच्या बोलण्याला इतर मुले हसतात, आणि ती इतरांच्या बोलण्याला. अशा मुलाला मठ्ठ किंवा शिष्ट ठरवायला आपल्याला फार वेळ लागत नाही.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. मुंबईत सातवीत असताना एकट्याने गाड्या बदलून आजीकडे जाणारा. इथे पऱ्याला पाणी आले, की साकवावरून पाऊल टाकायला घाबरे, आणि त्यावरून त्याची फार थट्टा होई. मी एक दिवस त्याला फळ्यापाशी बोलावले. मध्य, पश्चिम आणि हार्बर या तिन्ही मार्गांची स्थानके काढायला सांगितली. कुठे उतरून कुठली गाडी धरायची, हे त्याने खडूने दाखवले. वर्ग अगदी शांत बसून ऐकत होता. मुंबईला पोटासाठी गेलेले वडील, काका, दादा त्यातल्या निम्म्यांच्या घरी होते. पण ते रोज कुठून कुठे जातात हे मुलांना कधी कळलेच नव्हते. शाळा सुटल्यावर त्याच्या वाडीतल्या एका मुलाने त्याचे दप्तर आपल्या खांद्यावर घेतले. साकवावर खाली पाण्याकडे बघायचे नाही, समोरच्या माडाकडे बघायचे, असे त्याला सांगत दोघे पलीकडे गेले.