रक्त, रस आणि रिकाम्या जागा

हृदयाचे कप्पे चार, अलिंदे वर आणि निलये खाली; धमन्यांतून शुद्ध रक्त वाहते, शिरांतून अशुद्ध; वनस्पतींत जलवाहिन्या पाणी वर नेतात आणि रसवाहिन्या अन्न सर्वत्र पोचवितात. माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला ‘वहन’ या पाठातील एवढे सहसा आठवते. आकृतीला नावे द्या, फरक स्पष्ट करा, रिकाम्या जागा भरा, या ठरीव वाटांनी गुण हमखास पदरात पडत असल्यामुळे हा पाठ विद्यार्थ्यांना प्रिय असतो आणि शिक्षकांनाही सोपा वाटतो. शिरेतील रक्त निळे नसून गडद तांबडे असते, आकृतीतला निळा रंग ही केवळ चित्रकाराची सोय आहे, हे सांगायचेही पुष्कळदा राहून जाते. त्याहून मोठी उणीव अशी की, हे सारे कोणाला आणि कसे कळले, हा प्रश्न वर्गात फारसा निघत नाही.

वस्तुतः रक्त फिरते हे माणसाला फार उशिरा उमगले. यकृतात अन्नापासून नवे रक्त अखंड तयार होते आणि शरीर ते वापरून संपवून टाकते, ही गेलेन या ग्रीक वैद्याची शिकवण युरोपने सुमारे चौदाशे वर्षे मानली. विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यांनी १६२८ साली आपल्या ग्रंथात ती मोडीत काढली. त्यांनी अनेक प्राण्यांची हृदये उघडून पाहिली होती हे खरेच. परंतु त्यांचे सर्वांत धारदार हत्यार होते साधा गुणाकार. एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त त्यांनी मुद्दामच कमीत कमी धरले, त्याला ठोक्यांच्या संख्येने गुणले, आणि अर्ध्या तासातच तो आकडा शरीरातील एकूण रक्तापलीकडे गेला. आजच्या मापाने हाच हिशेब मांडावयाचा तर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला ५ लिटर, तासाला ३०० लिटर आणि दिवसाला ७,००० लिटरांहून अधिक! पाण्याचा एखादा टँकर भरावा इतके रक्त दोन वेळच्या जेवणातून निपजणे शक्य नाही. तेव्हा तेच ते रक्त परत येत असले पाहिजे. हा गुणाकार प्राथमिक शाळेतल्या मुलालाही येतो. त्यामागचा प्रश्न मात्र शालान्त परीक्षेपर्यंत त्याच्यासमोर क्वचितच ठेवला जातो.

हार्वींच्या सिद्धान्तातही एक जागा रिकामी होतीच. धमनीतले रक्त शिरेत शिरते कोठून, हे त्यांना दाखविता आले नाही. १६५७ साली ते वारले, आणि १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. परीक्षेतली रिकामी जागा भरण्यास एक शब्द पुरतो. ही भरण्यास तेहतीस वर्षे लागली.

मनुष्य आणि वनस्पती यांचे वहन एकाच पाठात का शिकवावे, याचे समर्पक उत्तर स्टीफन हेल्स यांच्या कामात सापडते. इंग्लंडमधील टेडिंग्टन या गावचे हे धर्मोपदेशक. कुंडीतील सूर्यफुलाचे झाड वारंवार तोलून ते दिवसाकाठी किती पाणी हवेत सोडते, हे त्यांनी मोजले आणि १७२७ साली प्रसिद्ध केले. त्यांनीच घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त ८ फुटांहून वर चढते, हे १७३३ साली नमूद केले. रक्ताप्रमाणे झाडाचा रसही गोल फिरतो काय, हा त्या काळचा खरा वाद होता. हेल्स यांनी मोजमापांच्या आधारे ‘नाही’ असा कौल दिला.

मग हृदयावाचून पाणी चढते कसे? हवेचा दाब पाण्याला जेमतेम १० मीटर उचलून धरतो. कोकणातला नारळ त्याच्या दुप्पट उंच सहज जातो. मुळांचा दाबही एवढ्या उंचीला पुरा पडत नाही. डब्लिनचे डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडलेले आणि आज सर्वमान्य असलेले उत्तर असे की, पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासामुळे वरून ओढ लागते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे त्याचा धागा तुटत नाही. सर जगदीशचंद्र बोस यांना हे मान्य नव्हते. खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो, असे त्यांनी १९२३ सालच्या ग्रंथात प्रतिपादिले. ते मत टिकले नाही. पण दोन्ही मते फळ्यावर मांडून ‘यांतले कोणते खरे, हे ठरविण्यास कोणता प्रयोग कराल?’ असे विचारले तर तो तास सहसा वाया जाणार नाही. खोडातील जिवंत पेशी विषाने मारल्या तरी पाणी चढतच राहते, हे स्ट्रासबुर्गर यांनी बोस यांच्या आधीच दाखविले होते.

हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नव्हे. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाइन लावा, ताकद येईल’ अशी मागणी करणारे रुग्ण आजही ठिकठिकाणी भेटतात, आणि त्यांत शिकलेलेही असतात. साध्या सलाइनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत मीठ असते साडेचार ग्रॅम; बाकी पाणी. जुलाबांनी शरीर कोरडे पडलेल्या रुग्णाचा जीव त्याने वाचतो. थकव्यावर मात्र ते अन्न नव्हे. रक्त वाहून नेते, पण त्यात घातले काय हे पाहायचे असते, इतके साधे गणित ‘वहन’ शिकलेल्याला सुटू नये? युरियाची जादा मात्रा दिल्यावर ओल्या जमिनीतही रोप का माना टाकते, याचेही उत्तर परासरणात आहे. शेतकऱ्याच्या मुलाला ते पाठ असते. स्वतःच्या वाफ्याशी त्याचा संबंध मात्र त्याला कोणी जोडून दिलेला नसतो.

साधने नाहीत, वर्गात साठ मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. तथापि तेरड्याला आणि लाल शाईला खर्च तो किती? पानाच्या शिरा लाल झाल्या की प्रयोग संपला, असे सामान्यतः मानले जाते. त्याऐवजी दोन सारख्या फांद्या घ्याव्यात, एकीची सगळी पाने खुडावीत, प्रार्थनेपूर्वी दोन्ही शाईच्या पाण्यात ठेवाव्यात, आणि मधल्या सुट्टीत दोहोंतला रंग कोठवर चढला ते मुलांनाच पट्टीने मोजू द्यावे.