वर्षारंभीची कालकुपी

हिंदीत ज्याला ‘कालपात्र’ म्हणतात, त्याला मराठीत ‘कालकुपी’ हा शब्द रूढ झाला आहे. भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्याला अशा शब्दांपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. पात्राचे तोंड उघडे असते. कुपीला बूच असते. आणि अत्तराच्या कुपीचे बूच वरचेवर काढले तर आत काय उरते, हे वाचक भगिनींना सांगावयास नको.

उत्तर प्रदेशात शाळेचे नवे वर्ष एप्रिलात सुरू होते. आपल्याकडील जूनचा पाऊस, छत्र्या आणि ओली दप्तरे यांचा तेथे मागमूस नसतो. असतो तो वाढता उन्हाळा. गाझियाबादेतील आमच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एक घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मागविला. मुलांनी त्यात स्वतःस लिहिलेले पत्र, आपल्या उंचीइतकी सुतळी आणि तळहाताची आकृती ठेवावयाची व मार्चअखेर डबा उघडावयाचा, अशी योजना. पत्र शिक्षिकेने वाचावयाचे नाही, घरच्यांनीही नाही.

ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. येथून फार दूर नसलेल्या लाल किल्ल्यात १५ ऑगस्ट १९७३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते एक कालपात्र पुरण्यात आले होते. स्वातंत्र्योत्तर भारताचा वृत्तान्त त्यात होता व ते हजार वर्षांनी उघडले जावे असा संकल्प होता. परंतु हा इतिहास कोणी लिहिला, कोणास त्यातून वगळले, यावरून वाद माजला आणि सरकार बदलताच १९७७ साली ते उकरून काढण्यात आले. हजार वर्षांचा संकल्प जेमतेम चार वर्षे टिकला! मुंबईच्या अलेक्झांड्रा गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन या शाळेत २०१४ साली पुरलेली कुपी मात्र २०६२ सालची वाट पाहत स्वस्थ पडून आहे.

डबा जमिनीत पुरावा असा मुलांचा हट्ट होता. शिक्षिकेने तो मानला नाही, हे बरे झाले. अमेरिकेतील टल्सा शहरात १९५७ साली एक कोरी करकरीत मोटार काँक्रीटच्या तळघरात ठेवून वर माती लोटण्यात आली. २००७ साली ती मोठ्या समारंभाने बाहेर काढली, तेव्हा तळघरात पाणी शिरून मोटारीचा गंजका सांगाडा झाला होता. तिच्याजवळच ठेवलेल्या, झाकण पक्के बसविलेल्या पोलादी नळकांड्यातील कागद मात्र सुस्थितीत निघाले. तेव्हा आपला डबा कपाटावरच शोभतो. पत्र पेन्सिलीने लिहावे, कारण शिसपेन्सिलीतील ग्राफाइट हा कार्बनच असल्याने तो फिका पडत नाही. रंगीत शाई उडते. टाचणी लावू नये, ती गंजते. वर्तमानपत्राचे कात्रण इतर कागदांस डाग पाडते, म्हणून ते वेगळ्या पाकिटात ठेवावे. घड्याळातील सेल गळतात, ते तर नकोतच.

शाळेचे पत्र मुलीने हिंदीत लिहिले. घरी आणखी एक कागद मराठीत लिहिण्याची तिची स्वतःचीच इच्छा होती. लिहून झाल्यावर तिने तो घडी न घालताच टेबलावर ठेवला आणि ती पाणी प्यावयास गेली. न वाचण्याचे मी कबूल केले होते. पण डोळ्यांना सवय वाईट. पहिल्याच ओळीत ‘शाला’ होते. व्यवहारातल्या हिंदीत ‘ळ’ नाही, आणि तिचे सारे लिहिणे-वाचणे हिंदीत. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारणारा माझा हात पेन्सिलीकडे गेला. मग लाल किल्ला आठवला. मी कागद पालथा घातला.

एक अडचण मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गाझियाबाद हे कारखान्यांचे आणि बदलीच्या नोकऱ्यांचे गाव. हिंडनच्या हवाई दलाच्या तळावर, साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत देशभरची कुटुंबे येतात आणि वर्ष पुरे होण्यापूर्वी निघूनही जातात. दिवाळीनंतर मुलीच्या बाकावरची मैत्रीण अशीच दूर गावी गेली. तिचा डबा तेवढा कपाटावर राहिला. उघडून पत्र काढावे तर अट मोडते. ठेवून द्यावे तर मार्चात उघडणार कोण?

वर्गात बराच खल झाला. अखेरीस डबा आहे तसाच कापडात शिवून टपालाने पाठविण्याचे ठरले. पार्सलावर पत्त्याखाली, मुलांच्या आग्रहावरून, ‘मार्चपूर्वी उघडू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहिण्यात आले. टपाल कार्यालयातील कारकुनाने ते दोनदा वाचले आणि आत खाण्याचा पदार्थ तर नाही ना, अशी चौकशी करून पावती फाडली.